वसंतात मुलगी का मरते? ‘राइट ऑफ स्प्रिंग’बद्दल कथकच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न नाशिकहून आला आहे. विचारणारी कथक शिकते. थोडक्यात तिचं म्हणणं असं: “ताई, कार्यशाळेत आम्हाला रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’वरचा नाच दाखवला. वसंत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पळस, कोकीळ, पाडवा येतो. इथे तर म्हातारे गोल करून बसतात आणि एक मुलगी नाचत नाचत मरते. रशियात खरंच असं करायचे का? आणि या संगीताला ताल आहे की नाही? तीनदा ऐकलं, एकदाही सम सापडली नाही.”

मी व्हायोला वाजवते. व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, आवाज जरा खालचा. लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, शिकले, पुढे जर्मनीतल्या एका शहराच्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं वाजवलं. ही रचना रंगमंचावर बसून इतक्यांदा वाजवली आहे की तिची काही पानं बोटांना पाठ आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नाही, असं करत नसत. वसंत यावा म्हणून एखाद्या मुलीने नाचून मरायचं, अशा स्लाव लोकांच्या विधीचा एकही पुरावा नाही. कीव्हच्या जुन्या इतिवृत्तात ९८३ सालची नरबळीची एक हकीकत येते, पण ती लढाई जिंकून परतल्यावर चिठ्ठी टाकून निवडलेल्या मुलाची आहे. वसंताचा आणि नाचाचा तिच्याशी काही संबंध नाही. बळी ही स्ट्राविन्स्कीची कल्पना. १९१० साली पीटर्सबर्गला ‘फायरबर्ड’ बॅलेची शेवटची पानं लिहीत असताना हे दृश्य अचानक डोळ्यांपुढे आलं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. पण त्या बळीच्या भोवतीचं जवळजवळ सगळं खरं आहे: रिंगणातले नाच, मुलींचे खेळ, जमिनीचं चुंबन, पळवून नेणं, गावागावांतली झुंज. आणि माझ्या मते मुलगी जिथे मरते ती जागासुद्धा खरीच आहे. फक्त प्रत्यक्षात त्या जागी गवताची बाहुली असायची.

आता तिथल्या वसंताविषयी, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे वसंत येतो तेव्हा थंडी हळूच काढता पाय घेते आणि उन्हाळा डोकं वर काढतो. झाड कधी मेलेलं नसतंच. एकीकडे पानं गळतात, दुसरीकडे पालवी फुटते. मी लेनिनग्राडला पोचले तेव्हा नोव्हेंबर लागत होता, आणि पुढचे पाच महिने मी माती पाहिली नाही. नेव्हा नदी गोठून रस्त्यासारखी झालेली, लोक तिच्यावरून चालत पलीकडे जायचे. एप्रिलमधल्या एका रात्री वसतिगृहात मला जाग आली, वाटलं कुठेतरी माल उतरवतायत. खडखड, मग एकदम मोठा आवाज, मग लांबवर घासत गेल्यासारखं काहीतरी. नदी फुटत होती. सकाळी पुलावर माणसांची ही गर्दी, सगळे कठड्याला टेकून खाली बघतायत. खोलीएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत, आपटत, समुद्राकडे निघालेले. काही दिवसांनी पाणी मोकळं झालं आणि मला वाटलं, आता संपलं. तोच लादोगा सरोवराचा बर्फ वरून वाहत आला आणि शहर पुन्हा गारठलं. त्याच दिवसांत रस्त्यात कोर्युश्का नावाचे बोटभर लांबीचे मासे विकायला येतात, आणि त्यांना वास येतो तो चक्क ताज्या काकडीचा. पाच महिने बर्फ आणि कोळशाच्या धुराशिवाय कशाचाच वास घेतला नव्हता, आणि एके दिवशी सगळ्या गल्लीला काकडीचा वास! मी तिथे उभी राहून रडले होते.

स्ट्राविन्स्की याच शहरात वाढला. म्हातारपणी त्याला विचारलं की रशियातलं सर्वांत जास्त काय आवडायचं, तेव्हा त्याने या वसंताचंच नाव घेतलं. तासाभरात सुरू होणारा, सगळी पृथ्वी तडकल्यासारखा वाटणारा हिंस्र वसंत, असं त्याचं वर्णन होतं. म्हणून म्हणते, ‘राइट ऑफ स्प्रिंग’मधला दणका ऐकून ‘हा कसला वसंत’ असं वाटलं तर आधी पुलावरची ती सकाळ डोळ्यांपुढे आण. रशियन भाषेत रचनेचं नाव ‘व्हेस्ना स्व्याश्चेन्नाया’, म्हणजे पवित्र वसंत. त्यात ‘विधी’ हा शब्दच नाही. तो फ्रेंच नावातून आला आणि तिथून इंग्रजीत गेला.

आता विधी. रशियन खेड्यात वसंताची वाट बघत कोणी हात जोडून बसायचं नाही. त्याला हाका मारायच्या. जुन्या पंचांगाप्रमाणे ९ मार्चला, म्हणजे आजच्या हिशेबाने २२ मार्चला, चाळीस हुतात्म्यांचा सण असतो. त्या दिवशी घरोघरी कणकेचे चंडोल करतात. कणकेची वळी घ्यायची, तिची सैल गाठ मारायची, एका टोकाला चिमटा काढून चोच करायची, दुसरं टोक दाबून शेपटी, त्यावर सुरीने चार रेघा, आणि डोळ्यांच्या जागी बेदाणे. आमच्या वसतिगृहात किल्ल्या सांभाळायला बसणाऱ्या आजी दरवर्षी ते करून आणायच्या आणि पहिला मला द्यायच्या, कारण मी सर्वांत उष्ण देशातून आलेली. पूर्वी मुलं हे चंडोल काठीला लावून किंवा हातात धरून टेकाडावर, छपरावर चढायची आणि ओरडून गाणी म्हणायची, की चंडोलांनो या, वसंत घेऊन या, थंडीचा कंटाळा आला, तिने आमचं धान्य खाऊन टाकलं. या गाण्यांना व्हेस्न्यांका म्हणतात. चाल तीन-चार स्वरांतच फिरते. ती गोड गळ्याने म्हणायची नसते, पलीकडच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात फेकायची असते, आणि ओळीच्या शेवटी एक ‘ऊऽ’ वर उडवायचा. हा आवाज लक्षात ठेव, पुढे लागेल.

त्याच सुमारास, पण ईस्टरच्या तारखेनुसार सरकणारी, मास्लेनित्सा येते. चर्चच्या लांब उपवासाआधीचा लोण्याचा आठवडा. गोल, पातळ, घावनासारखे ब्लिनी करायचे, घसरगुंड्या, झोके, बर्फाचा किल्ला बांधून तो लुटायचा. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी एकमेकांची माफी मागायची आणि गवताची, लुगडं-टोपी घातलेली बाई गावाबाहेर नेऊन जाळायची. राख शेतात. पोलंडमध्ये अशीच मारझान्ना नावाची बाहुली पाण्यात बुडवतात. होळीची आठवण येणारच, मलाही आली होती. पण दोन्हींचं मूळ एकच, असं कोणी सांगायला लागलं तर हात आखडता घे. आग आणि थंडीचा शेवट एवढं सारखं आहे, बाकी तिथलं सगळं चर्चच्या पंचांगात आणि तिथल्या शेतीत रुजलेलं आहे.

ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी सेमिक. हा मुलींचा सण. रानात जाऊन कोवळ्या बर्चच्या फांद्या वाकवून, न तोडता, त्यांचीच वेणी घालून कडं करायचं. कड्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात, त्यातून एकमेकींचा मुका घेतात आणि वर्षभराच्या मानलेल्या बहिणी होतात. मग फुलांची कडी नदीत सोडायची. ज्याचं त्याचं कडं कुठल्या दिशेला जातं त्यावरून लग्नाचा अंदाज, बुडालं तर वाईट. आता बॅलेचा पहिला भाग आठव. म्हातारी मुलांना शकुन शिकवते, मुली नदीकडून रांगेने येतात, रिंगण धरतात. हे सगळं खेड्यातून उचललेलं आहे. मुली पळवण्याचा प्रसंग कीव्हच्या त्याच इतिवृत्तातला. जुन्या टोळ्यांमध्ये लग्न लावत नसत, गावागावांमध्ये खेळ भरत आणि तिथून पुरुष बायका पळवून नेत, असं ते इतिवृत्त लिहिणारा साधू नापसंतीने लिहितो. पण पुढे हेही लिहितो की जिच्याशी आधी बोलणं झालेलं असे, तिलाच नेत.

हे सगळं जमवून देणारा माणूस म्हणजे निकोलाय रोरिक. तो चित्रकार तर होताच, पण नोव्हगोरोडच्या आसपास जुनी दफनं उकरणारा पुरातत्त्वाचा अभ्यासकही होता. १९११ च्या जुलैमध्ये स्ट्राविन्स्की त्याला भेटायला स्मोलेन्स्कजवळच्या तालाश्किनोला गेला. तिथे प्रिन्सेस तेनिशेवा यांनी लोककलेची कार्यशाळा आणि जुन्या वस्तूंचा संग्रह उभारला होता. तिथेच दोघांनी प्रसंगांचा क्रम ठरवला. कपड्यांवरची नक्षी, मोठी अंबाड्याची टोपडी, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, हे रोरिकने खऱ्या वस्तू बघून काढलं. आणि हाच रोरिक पुढे हिमालयात आला, १९२८ साली कुलूच्या खोऱ्यात नग्गरला राहिला आणि १९४७ च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारला. मुंबईत मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी त्याच्या धाकट्या मुलाची, स्वेतोस्लावची, बायको. कधी नग्गरला गेलीस तर त्याचं घर जरूर बघ.

तुझा प्रश्न अजून अर्धाच सुटला. बळी खरा नव्हता, तर स्ट्राविन्स्कीला तो सुचला कुठून? त्याचा गुरू रिम्स्की-कोर्साकोव्ह. त्याचा ‘स्नेगुरोच्का’ हा ऑपेरा, १८८२ सालचा. हिमकन्या माणसांमध्ये राहायला येते, तिला प्रेम करता येऊ लागतं, आणि यारिलोच्या दिवशी, म्हणजे सूर्याच्या, वसंताच्या देवाच्या दिवशी, पहिल्या किरणाबरोबर ती वितळून जाते. राजा म्हणतो, शोक करू नका, आता ऊन पडेल. आणि सगळं गाव यारिलोचं गाणं म्हणतं. हे गोड, सोनेरी सुरांत आहे म्हणून आपल्याला त्यातला क्रूरपणा जाणवत नाही. शिष्याने सोनं खरवडून काढलं. गवताची बाई, हिमकन्या आणि ही निवडलेली मुलगी, तिघी एकाच जागी उभ्या आहेत असं मला वाटतं. थंडी संपायची तर कोणीतरी जायला हवं, हा तिथल्या शेतकऱ्याचा हिशेब होता. कोठारातलं धान्य संपत आलेलं असताना बर्फ दोन आठवडे उशिरा वितळला तर काय होतं, हे त्याला माहीत होतं.

आता संगीत. सुरुवातीला एक एकटं वाद्य येतं आणि ते कोणतं हे बहुतेकांना ओळखू येत नाही. ते बासून आहे, खर्जाचं लाकडी वाद्य. पण त्याला त्याच्या गळ्याच्या अगदी वरच्या टोकाला गायला लावलं आहे. आमचे बासूनवादक या एका ओळीसाठी वेगळी पत्ती तासून ठेवायचे, मैफलीच्या दिवशी सकाळपासून कोणाशी बोलायचे नाहीत. ती चाल लिथुआनियातल्या एका लोकगीताची आहे, १९०० साली छापलेल्या संग्रहातली. एवढी एकच लोकचाल घेतली, बाकी सगळं माझं, असं स्ट्राविन्स्की आयुष्यभर सांगत राहिला. पण त्याची कच्ची वही १९६९ साली छापली गेली आणि रिचर्ड तारुस्किनसारख्या अभ्यासकांनी ती उलगडली, तेव्हा तिच्यात आणखी चाली सापडल्या. त्यातही सेमिकच्या, कुपाला या उन्हाळ्यातल्या सणाच्या, म्हणजे ऋतूंच्या विधींमधल्या चाली होत्या. तो त्या तशाच ठेवत नाही. तीन-चार स्वरांचा तुकडा तोडतो, उलटसुलट करतो, त्याचे घण करतो. पण टेकाडावरून फेकलेली ती हाक, तो ‘ऊऽ’, जागोजागी ऐकू येतो. एकदा कानाला सापडला की सुटत नाही.

बासूनमागून एकेक फुंकवाद्य येतं आणि गर्दी होते. ऑर्केस्ट्रा प्रचंड आहे, जवळजवळ १०० माणसं, त्यात ८ हॉर्न, ५ ट्रम्पेट, प्रत्येक जातीची पाच-पाच लाकडी वाद्यं. पण या प्रास्ताविकात आम्ही तंतुवाद्यवाले बहुतेक वेळ गप्प असतो. कोंब जमीन फोडून वर येतायत. मग एकदम थांबतं, बासून पुन्हा एकटा, व्हायोलिनवर बोटांनी छेडलेले चार स्वर, आणि मग आम्ही.

हे ‘ऑगर्स ऑफ स्प्रिंग’, शकुनांचा नाच. तुझ्याकडे लेहऱ्याची पेटी असेलच. डाव्या हाताने, खालच्या सप्तकात, पांढरी तीनचा सा धरून सा-ग-प एकदम दाब. उजव्या हाताने, वर, काळी दोनचा सा धरून सा-ग-प आणि कोमल नी. सातही पट्ट्या एकदम. दोन्ही हात वेगवेगळे ऐकले तर किती साधे, पण दोन सा एकमेकांना अर्ध्या स्वरावर खेटून आहेत. चेलो आणि डबल बास ही खर्जाची मोठी तंतुवाद्यं खालचं वाजवतात, आम्ही वरचं. आणि दर मात्रेला तोच स्वरपुंज, काही बदल नाही. गज दरवेळी टाचेशी, म्हणजे मुठीकडच्या टोकाशी, आणायचा आणि खालीच ओढायचा, पुन्हा उचलून टाचेशी, पुन्हा खाली. दुसऱ्या पानावर मनगट भरून येतं. पहिल्या तालमीत मी सुरेल वाजवायचा प्रयत्न करत होते, तेव्हा शेजारी बसलेले वयस्कर सहकारी माझ्या कानाशी म्हणाले, “सूर विसर. पाय आपट.”

आणि इथेच तुझी सम हरवते. ती शोधायची कशी ते तुझ्या भाषेत सांगते. सुरुवातीचे ठोके ३२, म्हणजे तीनतालाची बरोबर दोन आवर्तनं. लय अगदी स्थिर आहे, घड्याळासारखी. पण ८ हॉर्न ज्या मात्रांवर तडाखा मारतात त्या मोज: १०, १२, १८, २१, २५, ३०. तीनतालात मांडलं तर पहिल्या आवर्तनात १० आणि १२, दुसऱ्यात २, ५, ९ आणि १४. सम दोनदा येते आणि दोन्ही वेळा मोकळी जाते. दुसऱ्या आवर्तनातले ५ आणि ९ तेवढे टाळीवर आणि खालीवर पडतात, आणि तेच जास्त फसवतात. आता बरं सापडलं असं वाटतं, आणि १३ ची टाळी रिकामी जाऊन १४ वर दणका बसतो. तडाख्यांमधली अंतरं धरली तर तुकडे होतात ९, २, ६, ३, ४, ५, ३. आपल्याकडे तिहाई कितीही आडवळणाने गेली तरी ती समेवर आणून सोडते, ऐकणाऱ्याचा त्यावर भरवसा असतो. इथे तो भरवसाच काढून घेतला आहे. तेव्हा ताल आहे का, याचं उत्तर असं: लय आहे, मात्रा आहे, आवर्तन नाही. समेकडे न बघता मात्रेला चिकटून राहा, तीच आमचीही युक्ती.

शेवटच्या बळीच्या नाचात तर मात्रासुद्धा सारखी राहत नाही. तिथे सगळ्यांत बारीक एकक घ्यावं लागतं, सेकंदाला साधारण चार. माझ्या प्रतीत सुरुवात अशी आहे: ३, २, ३, ३, ४, २, ३, ३, ४. पढंत कर: तकिट, तक, तकिट, तकिट, तकधिमि, तक, तकिट, तकिट, तकधिमि. मग त्यात आणखी एक गोष्ट घाल. तीनच्या गटात पहिल्या अंशावर खालची वाद्यं आणि टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखी मोठी वाद्यं, आणि आमचा सगळ्यांचा ठोका त्याच्या पाठोपाठ, दुसऱ्यावर. म्हणजे जिथे पाय पडायला हवा तिथे आम्ही श्वास घेतो. हा नाच स्ट्राविन्स्कीला पियानोवर वाजवता येत होता, पण कागदावर कसा लिहायचा ते सुरुवातीला कळत नव्हतं. १९४३ साली, तीस वर्षांनी, त्याने तो पुन्हा नव्याने लिहून काढला. आमच्या प्रतींवर आधीच्या वादकांच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. कोणी तीनावर त्रिकोण काढलाय, कोणी दोनावर दोन उभ्या रेघा, आणि एका जागी जाड अक्षरांत जर्मनमध्ये “घाबरू नकोस”.

दणदणाटाबद्दल सगळेच बोलतात. मला तुझं लक्ष दोन शांत जागांकडे वळवायचं आहे. पहिल्या भागाच्या शेवटाकडे सगळा गोंगाट एकदम कापला जातो. गावचा सर्वांत वृद्ध माणूस जमिनीवर पालथा होऊन तिचं चुंबन घेतो. संगीत किती? चार मापं (माप म्हणजे स्वरलिपीतला ठरावीक मात्रांचा एक खण). अगदी हलका, पोकळ, जवळजवळ न ऐकू येणारा स्वरपुंज. रशियन खेड्यात जमिनीला ‘ओली माती-आई’ म्हणत, तिच्यावर हात ठेवून शपथ घेत, ती जागी व्हायच्या आधी तिला नांगर लावत नसत. त्या चार मापांत १०० माणसं एकदम श्वास रोखून बसलेली असतात, आणि त्यानंतर पृथ्वीचा नाच असा उसळतो की गजाचे केस तुटतात.

दुसरी जागा दुसऱ्या भागातली, रात्रीची. मुली गूढ वर्तुळं करून फिरतायत, त्यांच्यातली एक निवडली जाणार आहे. इथे सहा व्हायोला एकट्या गातात, सहा वेगवेगळ्या ओळी, खाली चेलोची छेड. आमच्या वाद्याला असं गायला मिळतं तरी किती वेळा! पंधरावीस वेळा वाजवूनही या जागी माझ्या डोळ्यांपुढे सेमिकच्या मुली येतात, बर्चच्या कड्यातून एकमेकींकडे बघणाऱ्या. त्या अजून खेळतायत. मग वर्तुळात एक मुलगी अडखळते, पुन्हा अडखळते, आणि टिंपनी, ढोल आणि सगळी तंतुवाद्यं मिळून ११ घण घालतात. एकाच मापात अकरा. निवड झाली.

२९ मे १९१३ च्या पॅरिसच्या त्या गाजलेल्या संध्याकाळबद्दल तू वाचलं असशीलच, म्हणून थोडक्यात. थिएटर देस शाँझेलिझेत पडदा उघडायच्या आधीच, बासूनच्या वेळेपासून, हसणं सुरू झालं. पुढे आरडाओरडा इतका वाढला की नाचणाऱ्यांना वाद्यं ऐकू येईनात. नाच बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून रशियन भाषेत आकडे ओरडत होता. ऑर्केस्ट्राचा संचालक प्येर माँतो शेवटपर्यंत वाजवून घेत राहिला. लोकांना संगीताइतकाच, कदाचित जास्तच, नाच खुपला, आणि तू नर्तकी असल्यामुळे ते तुला कळेल. बॅलेत पाय बाहेर वळलेले, शरीर वर, हलकं, जमीन सोडायला निघालेलं. निजिन्स्कीने पंजे आत वळवले, गुडघे वाकवले, वजन खाली सोडलं, टाच आपटायला लावली. कथकवाल्या मुलीला त्यात काय वावगं? पॅरिसला ते बॅलेचा अपमान वाटलं. पण वर्षही झालं नव्हतं तोच, १९१४ च्या एप्रिलमध्ये, त्याच शहरात नुसतं संगीत माँतोने वाजवलं आणि लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं. निजिन्स्कीचा नाच मात्र मोजके प्रयोग होऊन विरून गेला. मिलिसेंट हॉडसन यांनी जुनी रेखाटनं, आठवणी, स्वरलिपीवरच्या नोंदी जमवून नाच पुन्हा उभा केला, केनेथ आर्चर यांनी रोरिकचे कपडे आणि पडदे शोधले, आणि १९८७ साली अमेरिकेच्या जॉफ्री बॅलेने तो सादर केला. तो आधी बघ. मग जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशचा १९७५ चा. तिने रंगमंचावर खरी माती पसरली. नाचणारे सुरुवातीला स्वच्छ असतात. थोड्या वेळात घामाला माती चिकटते आणि लाल पोशाख हातोहात फिरत एका मुलीपाशी थांबतो. पिनाकडे देव नाही, म्हातारे नाहीत, रशियाही नाही. भीती मात्र सगळ्या आवृत्त्यांमध्ये तिच्याकडचीच सर्वांत खरी वाटते.

नुसतं ऐकायचं असेल तर मुंबईत वाढलेल्या झुबीन मेहतांनी लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं १९६९ चं ध्वनिमुद्रण घे. त्यात खालच्या वाद्यांचं वजन नीट ऐकू येतं. दुसरं, स्वतः स्ट्राविन्स्कीने वाजवून घेतलेलं. त्यातलाच बळीचा नाच १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेला. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतली ‘जात कहाँ हो’. एकदा दोन्ही लागोपाठ ऐक. केसरबाई प्रत्येक आवर्तनात समेवर येतात आणि तिथे आपला जीव भांड्यात पडतो. स्ट्राविन्स्कीने आपल्याकडून नेमकं कोणतं सुख काढून घेतलं, ते त्यानंतर लगेच कळेल.

आणि एक गृहपाठ. घुंगरू बांध. ‘ऑगर्स’चे पहिले ३२ ठोके लाव. दोन्ही पायांनी साधा तत्कार, मात्रा एकसारखी, आणि १०, १२, १८, २१, २५, ३० एवढ्यांवरच टाच. आधी कागद समोर ठेवून, मग न बघता. गुडघे थोडे वाकलेले ठेव, वजन खाली सोड. पहिल्यांदा कितव्या मात्रेवर चुकतेस ते मला कळव. माझे विद्यार्थी बहुतेक २१ वर चुकतात, कारण १८ नंतर सगळ्यांना २० हवासा वाटतो.